चारशे बारावी जोडी

१

माझी चूक प्रिया नावाच्या कुठल्या तरी पोरीच्या नावावर चढली होती. वाचून माझं डोकं असं फिरलं की समोरचा चहा तसाच राहिला.

"पान सहा, नऊ नंबरची जोडी," उज्वला म्हणाली. "मोठ्यानं वाचा, मावशी."

मी वाचली. ॲडव्हाइस म्हणजे सल्ला, ॲडव्हाइज म्हणजे सल्ला देणे. एकात सी, दुसऱ्यात एस. खाली वाक्य होतं: 'प्रिया ॲडव्हाइस देते, पण तिला ॲडव्हाइज करायला कोणी सांगितलेलं नसतं.'

ही प्रिया कोण बया? ते वाक्य माझं आहे! एकोणपन्नास वर्षांपूर्वी हिमायतनगरच्या शाळेत, आठवीच्या वर्गात, मी फळ्यावर एसच्या जागी सी लिहिला. सगळा वर्ग हसला. तेव्हा व्यंकटी गुरुजी अगदी नवे होते, मिसरूड फुटलेले म्हणा ना. ते हसले नाहीत. त्यांनी हिरव्या कापडी पुठ्ठ्याची वही काढली, नऊ नंबर घातला, दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले, माझ्यावरून एक वाक्य रचलं आणि खाली माझं नाव टाकलं. म्हणाले, "चूक तुझी, म्हणून जोडी तुझी. आता जन्मभर सांभाळ."

त्यांची ही रीतच होती. लाल शाई त्यांनी कधी वापरली नाही. सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांत जो कोणी फसेल, ती जोडी त्याच्या नावानं वहीत चढायची. आमच्या बुद्धवाड्यातल्या पोरांची नावं तोवर हजेरीपटाबाहेर कुठे कोणी लिहिली नव्हती. घरी जाऊन आईला सांगितलं, माझं नाव पुस्तकात आलं. आई रडली होती. आणि आता तिथे प्रिया!

पुस्तकाचं नाव 'इंग्रजीतले चारशे बारा चकवे'. मुखपृष्ठावर हाताची घडी घातलेला लेखक, संगमेश्वर सर. हेही गुरुजींचेच जुने विद्यार्थी, लातूरच्या ट्यूशन एरियात त्यांचे मोठे क्लासेस आहेत. महिन्याभरापूर्वी पुस्तक बाजारात आलं आणि दुसरी आवृत्तीही निघाली. व्यंकटी गुरुजींचं नाव त्यात कुठेच नव्हतं, साध्या आभारातही नव्हतं.

उज्वला गुरुजींची एकुलती एक मुलगी. वय चाळीस. अहमदपूरला ज्युनियर कॉलेजात चौदा वर्षं तिनं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवलं. म्हणजे तास असेल तर ये आणि एप्रिल आला की घरी बस. ह्या फेब्रुवारीत तिला पहिल्यांदा कायमची नोकरी लागली, आणि तीही कुठे? ह्याच संगमेश्वरच्या क्लासमध्ये.

"अप्पांची वही डिसेंबर-जानेवारीतच गायब झाली," ती म्हणाली. "तेव्हा वाटलं, दवाखान्याच्या गडबडीत कुठे तरी पडली असेल. आता कळलं कुठे गेली ते. मी तोंड उघडलं तर नोकरी जाईल, मावशी. आणि गप्प बसले तर अप्पा जातील. डॉक्टर म्हणालेत, दिवाळी बघतील असं वाटत नाही. आयुष्यभराचं काम दुसऱ्याच्या नावावर बघत जातील ते. वही कुणी नेली ते मला सांगा. पुढं माझं मी बघीन."

ती माझ्याकडेच का आली, तेही सांगते. मी महामाया. नांदेडला पोस्टात एकतीस वर्षं तक्रार निरीक्षक होते. हरवलेलं रजिस्टर पत्र, न पोचलेलं पार्सल, कुणी दाबलेला टपाल-थैला, सगळं शोधलं. 'तपास लागला नाही' असा शेरा मी एकदाही लिहिला नाही. त्याचा मला माज होता, हे कबूल करते.

"बघते," मी म्हणाले. नको म्हणाले असते तर बरं झालं असतं.

२

दुसऱ्या दिवशी लोह्यावरून जाणारी एसटी धरून अहमदपूर गाठलं.

गुरुजी खाटेवर होते. डिसेंबरात त्यांना लकव्याचा पहिला झटका आला. त्यात उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तरी तेव्हा डाव्या हातानं पाटीवर लिहायचे. एप्रिलात दुसरा झटका आला आणि तेही गेलं. डोळे मात्र शाबूत होते. मला बघून त्यांनी डाव्या हाताच्या बोटांनी नऊ दाखवायचा प्रयत्न केला. आधी पाच, मग चार. माझा नंबर! मला हसूही आलं आणि रडूही.

पार्वतीकाकू, म्हणजे गुरुजींची बायको, माझ्यासाठी चुरमुऱ्यांचा सुशीला करायला उठल्या. मी म्हटलं, "बसा काकू. वही शेवटची कधी बघितली ते सांगा."

"भाऊबीजंला," त्या लगेच म्हणाल्या. "दोघं आलते. संगमेश्वर आनि सटवाजी. ह्यांनी त्यायला वही दावली, मंग म्या पेटीत ठिवली. त्याच्यामागं न्हाई बघितली. दवाखान्यातून आलो जानेवारीत, तं पेटी रिकामी."

पेटी पत्र्याची होती, माळवदाखालच्या खोलीत ठेवलेली. मी कडी बघितली, कोयंडा बघितला, बिजागऱ्या बघितल्या. कुठे ओरखडा नाही.

"किल्ली कुणाकडं असते?"

काकूंनी कनवटीला हात लावला. "माझ्याकडंच ऱ्हाती की."

"दवाखान्यात होतात तेव्हा?"

"तवाबी." मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाल्या, "कुनी बनवून घेतली आसंल दुसरी."

मी उज्वलाला विचारलं, जानेवारीत वही नाही म्हटल्यावर गुरुजींचं काय झालं? तेव्हा तर ते लिहू शकत होते.

"तेच तर विचित्र, मावशी. मी सगळं घर उलटंपालटं केलं. अप्पांनी पाटीवर दोनच शब्द लिहिले. 'जाऊ दे.'"

खडूचा तुकडा हरवला तर अख्खा वर्ग झाडून घेणारा माणूस हा! मी गुरुजींकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. झोप लागलेला माणूस असे डोळे मिटत नाही.

३

सटवाजीचं दुकान बसस्टँडसमोर. झेरॉक्स, डीटीपी, लॅमिनेशन आणि वह्या-पेनं. गुरुजींचा हा जुना विद्यार्थी. गावात अर्ध्या लोकांचा संशय त्याच्यावरच होता, कारण जी गोष्ट ह्याच्या दुकानात जाते तिच्या प्रती निघतात, हे सगळ्यांना ठाऊक. मी वहीचं नाव काढताच तो उसळला.

"आवो ताई, मीच नेली आसती तं दहा वर्साआधी नेली आसती! गुरुजी झेरॉक्सच काढू देत नव्हते. म्हनायचे, पोरायनं हातानं लिवून घ्यावं, तवा डोक्यात बसतं. लई मागं लागलो मी. न्हाईच म्हनले."

"भाऊबीजेला तू होतास ना?"

"हाव, होतो की. माझीच जोडी चढवली त्यायनी त्या दिवशी!" त्यानं वर बोट दाखवलं. दुकानाचा बोर्ड. इंग्रजीत 'स्टेशनरी' लिहिताना शेवटून तिसरं अक्षर ई पाहिजे, तिथे पेंटरनं ए काढला होता. वही-पेनांच्या दुकानाचं झालं होतं 'जागचं न हलणारं'. "गुरुजी म्हनले, सटवाजी, तुजं दुकान कुटं जायचं न्हाई बघ. आनि वहीत लिवलं. नंबर चारशे अकरा. माझं आसंच ठिवलं मी बोर्डावर. बदलू वाटंना."

मी पिशवीतून संगमेश्वरचं पुस्तक काढलं. शेवटचं पान उघडलं. चारशे अकरा: स्टेशनरी. दुकानदाराचं नाव रोहन. त्याच्या खाली अजून एक जोडी होती, चारशे बारावी.

सटवाजीनं पुस्तक हातात घेतलं. "ही कुठून आली?"

जोडी होती ब्रेथ आणि ब्रीद. ब्रेथ म्हणजे श्वास. शेवटी ई लावला की ब्रीद, म्हणजे श्वास घेणे. वाक्य: 'गंगम्मा माझे ब्रेथ मोजते आणि मला म्हणते, ब्रीद.'

"संगमेश्वरनं स्वतः घातली असेल," मी मुद्दाम म्हणाले.

"ह्या!" सटवाजीनं मान झटकली. "त्याला कुटलं सुचायलंय आसं वाक्य? हे गुरुजीचंच हाय. आनि ताई, एक बघा. सगळ्या पुस्तकात रोहन, प्रिया, नेहा, राहुल करून ठिवलंय. आन् ही एकटीच गंगम्मा कशी ऱ्हायली?"

"तूच सांग. तुझा धंदा आहे."

त्यानं जरा विचार केला. "टाइप करनाराला नावायची यादी देत्यात. हे काढ, ते घाल. एका बटनात सगळी बदलत्यात. गुरुजीच्या वहीत मागं नावायची अनुक्रमनिका होती. त्याच्यावरूनच यादी केली आसंल. मंग जे नाव मागं चढलंच न्हाई, ते तसंच ऱ्हानार."

म्हणजे भाऊबीजेनंतर गुरुजींनी एक जोडी लिहिली आणि मागे नाव चढवायचं राहून गेलं. माझ्या माहितीत गुरुजींनी असं काम कधी अर्धवट सोडलं नव्हतं. हात चालत नसला तरच सोडलं असतं.

आणि काकू सांगत होत्या की भाऊबीजेनंतर वही कुणी बघितलीच नाही.

४

पण आधी संगमेश्वर, म्हणून दुसऱ्या दिवशी लातूर गाठलं. माणूस खोटं बोलताना कसा दिसतो ते बघून ठेवलेलं बरं असतं.

लातूरला त्याच्या क्लासच्या इमारतीत चार मजले, प्रत्येक मजल्यावर पोरांच्या चपलांचा ढीग. मी पालक म्हणून गेले नाही. सरळ सांगितलं, मी गुरुजींची विद्यार्थिनी, पहिल्या वर्षाची. त्यानं उठून पाया पडायचं केलं. मी पाय मागे घेतले.

"ताई, शब्द कुणाच्या मालकीचे नसतात," तो म्हणाला. "अफेक्ट-इफेक्टमधला फरक काय एकट्या गुरुजींनी शोधला? जगातल्या कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात आहे तो."

"फरक जगातला आहे. चुका आमच्या आहेत," मी म्हटलं. "माझी नऊ नंबरची चूक तुम्ही प्रियाला दिलीत."

तो हसला. पोरांना गप्प करायची सवय असलेल्या माणसाचं ते हसू होतं. "गावाकडची नावं आजच्या पोरांना जवळची वाटत नाहीत. मार्केट बघावं लागतं."

"गुरुजींना शेवटचे कधी भेटलात?"

"दिवाळीत. भाऊबीजेला. नंतर जाणंच झालं नाही, मनाला फार लागतं हो ते." त्यानं छातीवर हात ठेवला.

"मग ही गंगम्मा कोण?"

त्याचा हात छातीवरच राहिला. मी पुस्तक त्याच्यासमोर उघडं धरलं. त्यानं ते नाव पहिल्यांदाच छापलेलं बघितलं असावं.

"टायपिंगची चूक," तो म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत काढू." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "ताई, हे उकरू नका. पाया पडतो. तुमच्या भल्यासाठी नाही म्हणत मी."

"मग कुणाच्या?"

त्यानं नजर काचेकडे वळवली. व्हरांड्यापलीकडे वर्गाच्या काचेआड उज्वला शिकवताना दिसत होती. शंभर पोरं आणि ती एकटी, पण चेहऱ्यावर असं काही होतं जे अहमदपूरला मी तिच्या चेहऱ्यावर कधी बघितलं नव्हतं. ती खूश होती. तिचं मलाच वाईट वाटलं. मी मान फिरवली.

मला तिथे थांबून विचार करायला हवा होता. चोर आपल्या घरात मालकाच्या पोरीला कशाला नोकरीवर ठेवेल? रोज तिचं तोंड बघावं लागणार, रोज भीती. पण मी तापले होते. प्रिया डोक्यात बसली होती. श्वास मोजणारी गंगम्मा दवाखान्यातलीच असणार, म्हणून मी रिक्षा केली आणि डिसेंबरात गुरुजींना ठेवलं होतं त्या दवाखान्यात गेले.

५

गंगम्मा शोधायला वेळ लागला नाही. उदगीरकडची नर्स, काळीसावळी, बोलण्यात मधूनच कानडी. डिसेंबरात तीन आठवडे गुरुजींची दिवसपाळी तिच्याकडे होती. मी पान दाखवलं तर तिनं आधी हात धुतले, मग पुस्तक घेतलं.

"अय्यो, हे माझं नाव हाय की! अज्जांनी खरंच छापलं?"

तिनं सांगितलं ते असं. गुरुजींच्या खाटेवर व्यायामाचा कागद डकवलेला होता. तो तिनंच इंग्रजीत लिहिला होता: रोज दहा वेळा दीर्घ श्वास घ्या. त्यात श्वासाच्या पुढे तिनं एक ई जादा लावला. गुरुजी दोन दिवस त्या कागदाकडे बघत होते. तिला वाटलं, म्हाताऱ्याला भिंत बघायचा नाद लागला. तिसऱ्या दिवशी खुणेनं पेन मागितला आणि डाव्या हातानं त्या ईभोवती गोल काढला.

"मग अव्वानं गावाकडनं हिरवी वही आणून दिली. अज्जांना एक ओळ लिहायला अर्धा तास लागला बघा. माझं नाव लिहिलं आणि माझ्याकडं बघून हसले. तोंड वाकडं होतं, पण हसले." तिनं डोळे पुसले. "आमच्या घरात कुणाचं नाव पुस्तकात नाही, अक्का."

माझ्या आईची आठवण आली. पण विचारायचं होतं ते विचारलंच पाहिजे.

"वही कुणी आणली म्हणालीस?"

"अव्वा. अज्जाची बायको."

"आणि मग ती वही परत घरी गेली?"

गंगम्मानं मान हलवली. "एक सर आले होते. सफरचंदाची पेटी घेऊन. चांगला तासभर बसले. अज्जांनी पाटीवर एक नाव लिहिलं आणि खाली तीन रेघा मारल्या. मी सलाईन बदलायला आत गेले तर ते सर रडत होते. आणि अज्जा एका हातानं वही त्यांच्याकडं सरकवत होते. जड होती ती. सरकत नव्हती. शेवटी अव्वानं हात लावला."

"पाटीवर कुणाचं नाव होतं?"

"उज्वला," गंगम्मा म्हणाली.

६

परतीच्या एसटीत मी पहिल्यांदा शांत डोक्यानं सगळं जुळवलं. खरं तर जुळवायचं काही राहिलंच नव्हतं. कुलूप फुटलं नव्हतं, कारण ते किल्लीनं उघडलं होतं. काकूंनी भाऊबीजेचं नाव घेतलं, कारण दवाखान्याचं नाव घ्यायचं नव्हतं. गुरुजींनी 'जाऊ दे' लिहिलं, कारण त्यांनीच जाऊ दिली होती. आणि उज्वलाला नोकरी लागली एक फेब्रुवारीला, वही गेल्यावर पाच आठवड्यांनी. चोरी झालीच नव्हती. मी पोस्टातली बाई. पार्सल हरवलं अशी तक्रार आली म्हणून शोधत सुटले, आणि पाठवणाऱ्यानं स्वतःच्या हातानं दुसऱ्याचा पत्ता घातला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अहमदपूरला काकूंच्या समोर बसले. गुरुजी खाटेवर जागे होते. मी आवाज खाली केला नाही. त्यांच्यापासून लपवण्यासारखं काय होतं?

"काकू, वही तुम्ही दवाखान्यात नेलीत. आणि गुरुजींनी ती संगमेश्वरला दिली. उज्वलाच्या नोकरीसाठी."

काकू ज्वारी निवडत होत्या. सुपातला हात थांबला. मग त्या बोलल्या, अगदी साध्या आवाजात.

"चौदा वर्सं पोरगी तासाला ये, तासाला जा करून ऱ्हायली. लग्नाचं वय त्याच्यातच गेलं. ह्यांनी पाटीवर लिवलं, मी गेल्यावर हिचं कसं? तवा तो संगमेश्वर भेटायला आलता. वही तितंच व्हती, त्या नर्सचं लिवायला म्या पेटीतून आधीच आनलती. तो म्हनला, गुरुजी, पोरीला कायम घेतो, पन पुस्तकावर नाव माझं लागंल, न्हाईतर कोन घेनार. म्या म्हनलं, आवो, जलमभराचं हाय. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं…" त्यांनी पदर तोंडाला लावला. "पोरीला कळू द्यायचं न्हाई, आसं पाटीवर लिवलं. कळलं तं ती एक दिस ठेवायची न्हाई नोकरी. बाई, तुजे पाय धरते. तिला सांगू नको."

मी गुरुजींकडे वळले. त्यांचा डावा हात चादरीवर उघडा पडला होता. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत भीती होती. एकोणपन्नास वर्षांत मी त्यांना कशाला घाबरलेलं बघितलं नव्हतं.

"नाही सांगत," मी म्हणाले. "गुरुजी, मी कुणाला काही सांगत नाही. शप्पथ."

त्यांनी डोळे मिटले. आता खरंच झोप येईल असं वाटलं. तेवढ्यात फाटक वाजलं.

उज्वला आत आली. दुपारी दोन वाजता, कामाच्या दिवशी. हातात पेढ्याचा पुडा. ती सरळ खाटेजवळ गेली आणि गुरुजींचा हात धरला.

"अप्पा, सोडली नोकरी!"

काकूंच्या हातातलं सूप जमिनीवर पडलं.

"काल मावशी येऊन गेल्या ना, त्याच्यावरून सरांनी आज मला केबिनमध्ये बोलावलं," ती धापा टाकत सांगत होती. "म्हणाले, ह्यांना तू पाठवलंस का? मग माझंच डोकं फिरलं. म्हटलं, हो पाठवलं! माझ्या बापाची पन्नास वर्षं तुम्ही चोरलीत आणि मी तुमच्याच इथे उभी राहून तेच पुस्तक शिकवू? ते काही तरी सांगायला तोंड उघडत होते, मी ऐकूनच घेतलं नाही. राजीनामा टेबलावर फेकला. पाच मिनिटांत मंजूर! माझ्या जागी उद्या दुसरी येतेय." ती हसत होती. "तुमच्या नावापुढं नोकरी काय चीज आहे, अप्पा? आता आपण भांडू. वहीचं सिद्ध करू."

काय सिद्ध करणार होती ती? वही त्यांनीच दिली, साक्षीला आई आणि नर्स. मी जागच्या जागी बसून राहिले. त्या बापानं आपलं सगळं देऊन पोरीला जे घेऊन दिलं होतं, ते मी तीन दिवसांत घालवलं. माझ्या माजानं, माझ्या त्या नऊ नंबराच्या रागानं. संगमेश्वर माझ्या पाया पडत होता, आणि मला वाटलं होतं तो घाबरलाय.

गुरुजींच्या घशातून आवाज निघाला. शब्द नव्हता तो. त्यांनी डावा हात उज्वलाच्या हातातून सोडवला आणि भिंतीकडे बोट केलं. तिथे पाटी टांगलेली होती, एप्रिलपासून कुणी न वापरलेली.

"अप्पा लिहिणार!" उज्वलानं धावत पाटी काढली, खडू त्यांच्या बोटांत दिला, पाटी स्वतःच्या छातीशी धरली. आम्ही तिघी बघत होतो. खडू दोनदा पडला. आधी आकडा आला, वाकडा पण वाचता येणारा. ४१३. मग हात पाटीच्या मध्यावर गेला आणि तिथे नुसता थांबला. खडू टेकवलेला, हलत नाही. शब्द शोधत होते ते. चारशे बारा जोड्या ज्यांनी गोळा केल्या, त्यांना एक सापडत नव्हती. कपाळावर घाम आला. शेवटी ती जागा तशीच सोडून हात खाली सरकला, जिथे चुकणाऱ्याचं नाव यायचं तिथे. त्यांनी लिहिलं: व्यंकटी.

काकू उठून आत निघून गेल्या.

उज्वलानं पाटी वळवून बघितली. "अप्पा, जोडी कुठंय? आणि खाली तुमचं नाव कशाला? चुकलं कोण?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते, मेंदूवर परिणाम झालाय, काहीबाही लिहितील, मनावर घेऊ नका." तिनं डोळे पुसले. "मावशी, तुम्हाला काय सापडलं? कुणी नेली वही?"

जन्मभर न विचारता सल्ले दिले मी. आज कोणी तरी विचारत होतं. गुरुजींचे डोळे माझ्यावर होते.

"तपास लागला नाही," मी म्हणाले.

उज्वलानं पदराच्या टोकानं पाटी पुसली, आधी आकडा, मग नाव, आणि परत खिळ्याला अडकवली. गुरुजी तिचा हात बघत होते. मी पिशवी उचलली आणि पाच वाजताची नांदेडची गाडी धरायला निघाले.